भूत आधीपासूनच खोलीत असतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'रिंगू', 'जु-ऑन' आणि 'कैरो' हे तीन जपानी आणि 'गोकसाँग' हा कोरियन असे चार भयपट तुम्ही पाहिलेत. भीती वाटली, पण नेमकी कशाची ते सांगता येत नाही. बराच वेळ पडद्यावर काहीच घडत नाही. शेवट अर्धवट सोडल्यासारखे वाटतात. मग हे सिनेमे बघायची काही वेगळी रीत आहे का? आणि 'कल्ट' म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या विचित्र सिनेमांत खरंच काही असतं का?

मी चित्रपटांच्या आवाजाचं काम करतो. ॲम्बियन्स म्हणजे जागेचा पार्श्वआवाज लावणं, फोली म्हणजे पावलं-कपड्यांसारखे आवाज नव्याने करून घेणं, सगळे आवाज एकत्र बसवण्याच्या शेवटच्या मिक्सला बसणं यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे माझं उत्तर कानापासून सुरू होईल.

आपण लहानपणापासून पाहिलेल्या बहुतेक भयपटांत भूत येतं. बाहेरून आत येतं. आधी दार करकरतं, पार्श्वसंगीत खाली उतरतं, क्षणभर सगळं गप्प होतं आणि मग एकदम ठोका. त्या ठोक्याला आमच्या धंद्यात स्टिंगर म्हणतात. तो पुरेसा मोठा वाजवला की माणूस दचकतोच, त्याला गोष्ट कळलेली असो वा नसो. पण दचकणं लगेच उतरतं, छातीतली धडधड थांबली की संपलं. तुम्ही पाहिलेल्या सिनेमांतलं भूत असं येत नाही. ते तिथंच राहत असतं. सिनेमा सुरू व्हायच्या आधीपासून ते त्या घरात, त्या कोपऱ्यात आहे. उशिरा आलोय ते आपण. एवढं मनात धरलं की बरंच काही उलगडतं. जे कुठून आलेलंच नाही त्याच्या येण्याची वर्दी कशी द्यायची? म्हणून संगीत वर्दी देत नाही, कॅमेरा बोट दाखवत नाही, आणि तुम्हाला वाटतं की काहीच घडत नाहीये.

'कैरो' मधलं एक दृश्य आठवा. कियोशी कुरोसावा यांचा 2001 चा हा सिनेमा. लाल चिकटपट्टी लावून बंद केलेल्या खोलीत एक तरुण शिरतो. लांब टोकाला अंधारात एक बाई उभी आहे. ती हळूहळू त्याच्याकडे चालत येते. मध्येच तिचा पाय लचकल्यासारखा होतो, अख्खं शरीर विचित्र वाकतं, सावरतं आणि ती पुन्हा चालू लागते. तो सोफ्यामागे दडतो; ती वरून वाकून बघते. इतकंच. ती त्याला मारत नाही, ओरडत नाही, तिचा चेहरा सडलेला नाही. कुठेही दचकवणारा ठोका नाही, झटपट कट नाहीत. तिच्या चालण्यातलं ते एक अडखळणं कितीतरी आरोळ्यांपेक्षा जास्त काम करून जातं, कारण आपण तिचा वेग मनात धरलेला असतो आणि तो मोडतो. संपादकाने इथे चार कट मारले असते तर दृश्य मेलं असतं. हे मी तुम्हाला खात्रीने सांगू शकतो. कट मारला की प्रेक्षकाला सुटकेचा श्वास मिळतो, नजर नव्या ठिकाणी जाते. चौकट धरून ठेवली की पळायला जागाच उरत नाही.

ही रीत आली कुठून? जपानमध्ये 1991 च्या सुमारास नोरिओ त्सुरुता या दिग्दर्शकाने थेट व्हिडिओसाठी छोट्या भुताच्या गोष्टी केल्या, लोकांनी सांगितलेल्या 'खऱ्या' अनुभवांवर बेतलेल्या. पैसा नव्हता, त्यामुळे मेकअप-इफेक्टही नव्हते. भूत म्हणजे मागे, जरा धूसर, नुसतं उभं राहिलेलं माणूस. काही करत नाही, बघतं. त्याच्या आधी, 1970 च्या दशकात, तिथे भुतांच्या फोटोंचं वेड होतं: सहलीच्या सामूहिक फोटोत मागच्या ओळीत एक अनोळखी चेहरा, खांद्यावर कुणाचाच नसलेला हात. असा फोटो कशामुळे भिववतो? काढला तेव्हा कुणालाच काही दिसलं नव्हतं, म्हणजे ते सगळा वेळ तिथंच होतं, या जाणिवेमुळे. त्सुरुताने तो स्थिर फोटो हलत्या चित्रात आणला. कुरोसावा आणि 'रिंगू' चे पटकथाकार हिरोशी ताकाहाशी, दोघांनीही त्याचं ऋण मान्य केलेलं आहे. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. हे सगळं पूर्वेच्या मातीतूनच उगवलं असं नाही. या मंडळींवर 1961 च्या 'द इनोसन्ट्स' या इंग्रजी सिनेमाचा मोठा प्रभाव आहे. त्यात तळ्याकाठी, भर दिवसा, लव्हाळ्यात काळ्या कपड्यातली एक बाई लांब उभी दिसते. इंग्लंडमधली ही कल्पना जपानने मुरवली आणि 2000 नंतर हॉलिवूडला परत विकली.

आता 'रिंगू' चा शेवट, कारण अर्धवटपणाची तुमची तक्रार तिथूनच सुरू होते. हिदेओ नाकाता यांचा हा सिनेमा जानेवारी 1998 मध्ये आला, कोजी सुझुकी यांच्या 1991 च्या कादंबरीवरून. एक शापित व्हिडिओ कॅसेट बघणाऱ्याला जगायला सात दिवसांची मुदत आहे. रेको आणि तिचा पूर्वीचा नवरा र्‍यूजी विहिरीत उतरतात, पाणी उपसतात, कॅसेटमागचं भूत असलेल्या सादाकोचा सांगाडा सापडतो, रेको तो छातीशी धरते. मराठी प्रेक्षक इथे सुटकेचा निःश्वास टाकतो. आपल्या हाडीमाशी खिळलेलं तर्कशास्त्र हेच आहे: अतृप्त जीव असतो, त्याची इच्छा पुरी करायची, कावळा शिवला की मोकळा. जपानी प्रेक्षकाच्याही डोक्यात तेच चालू असतं. ऑगस्टमधल्या ओबोन सणात तिथेही पितर घरी येतात आणि त्यांना रीतसर निरोप दिला जातो. सिनेमा आपल्याला या विश्वासावर उभं करतो, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी र्‍यूजीच्या घरातला टीव्ही आपोआप चालू होतो. सादाकोला अंत्यसंस्कार नकोच होते. तिला न्यायही नको आहे. तिला पसरायचं आहे. वाचायचा मार्ग एकच: कॅसेटची नक्कल करायची आणि दुसऱ्या कुणाला तरी दाखवायची. शेवटी रेको गाडी घेऊन स्वतःच्या वडिलांकडे निघते, मुलाचा जीव वाचवायला. हा शेवट अर्धवट नाही, पूर्ण आहे. बंद झालं आहे ते भुताला शांत करायचं दार. तुम्हाला अस्वस्थ वाटलं ते बरोबर जागी वाटलं.

त्या टीव्हीतून बाहेर येणाऱ्या आकृतीबद्दल थोडं, कारण कारागिरी म्हणून ते फार सुंदर काम आहे. सादाकोची भूमिका करणाऱ्या रिए इनो यांनी काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकाराचं शिक्षण घेतलं होतं. त्यांना झटके देत उलटं चालायला लावलं आणि ते चित्रीकरण उलट फिरवलं. परिणाम असा की ती पुढे येतेय, पण वजन, तोल, सांध्यांची हालचाल सगळी चुकीच्या दिशेची. शेवटी दिसणारा तो एकच डोळा त्यांचा नाही. तो चित्रीकरण पथकातल्या एका सहायकाचा, पापण्या उपटून काढलेला. संगणकाने हे करता आलं असतं, पण मग आपल्या शरीराला ते खोटं असल्याचं कळलं असतं. इथे जिवंत माणूस आहे, फक्त त्याचा काळ उलटा वाहतोय.

पोशाखाचं म्हणाल तर पांढरं वस्त्र म्हणजे तिथलं प्रेताला नेसवायचं वस्त्र, आणि मोकळे केस हे मेलेल्या बाईचे. अठराव्या शतकातल्या मारुयामा ओक्यो या चित्रकाराने काढलेली पाय नसलेली स्त्री, 1825 च्या 'योत्सुया काइदान' या काबुकी नाटकातली विषाने विद्रूप झालेली ओइवा, हिमेजी किल्ल्यातल्या विहिरीत रोज रात्री ताटल्या मोजणारी ओकिकू, या सगळ्या सादाकोच्या थोरल्या बहिणी. 'रिंगू' मधल्या सादाकोच्या आईच्या गोष्टीमागे तर खरा इतिहास आहे. टोकियो इम्पिरियल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ तोमोकिची फुकुराई यांनी 1910 च्या सुमारास चिझुको मिफुने या तरुणीच्या अतींद्रिय शक्तीचे प्रयोग जाहीरपणे केले. तिच्यावर फसवणुकीचे आरोप झाले, वर्तमानपत्रं तुटून पडली, आणि 1911 च्या सुरुवातीला तिने विष घेतलं. पत्रकारांच्या गराड्यात उभी असलेली ती सिनेमातली बाई आठवा. भूत कुठून आलं याचं उत्तर तिथे आहे. एका गर्दीने एका बाईचं काय केलं, तिथून ते आलं.

आता आवाज. लोकांना वाटतं भयपटात शांतता म्हणजे आवाज नसणं. तसं कधीच नसतं. प्रत्येक खोलीला स्वतःचा एक आवाज असतो, त्याला आम्ही रूम टोन म्हणतो: फ्रिजची घरघर, लांबचा रस्ता, भिंतींमधली हवा. चित्रीकरण झालं की सगळ्यांना अर्धा-एक मिनिट गप्प उभं करून तो वेगळा टिपून ठेवतात. प्रेक्षकाला तो ऐकू येत नाही, पण तो काढून घेतला तर लगेच जाणवतं, कान भरून आल्यासारखं होतं. कुरोसावांच्या 'क्युअर' (1997) मध्ये डिटेक्टिव्ह ताकाबे घरी येतो तेव्हा कपड्यांचं यंत्र रिकामंच फिरत असतं. त्याची आजारी बायको ते पुन्हापुन्हा चालू करते आणि तो ते बंद करतो. साधा घरगुती आवाज. पण सिनेमाभर तो ऐकल्यावर, मध्येच तसा घुमणारा कुठलाही आवाज आला की पोटात गोळा येतो. त्या सिनेमात भूत नाहीच. एक विसराळू तरुण आहे, जो भेटेल त्याला 'तू कोण?' असं विचारत राहतो, आणि भेटलेली माणसं नंतर शांतपणे खून करतात. माझ्या मते गेल्या 30 वर्षांतला हा आशियातला सगळ्यात मोठा भयपट आहे. यावर माझ्याशी कुणी वाद घातला तरी मी मागे हटणार नाही.

याचा आजोबा म्हणजे मासाकी कोबायाशी यांचा 'क्वाइदान', 1965 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ज्युरीचं विशेष पारितोषिक मिळालेला. लाफकाडिओ हर्न यांनी इंग्रजीत लिहून ठेवलेल्या जपानी कथांवरून केलेल्या चार गोष्टी. आभाळसुद्धा रंगवलेलं, जवळपास सगळं स्टुडिओत. संगीत तोरु ताकेमित्सु यांचं, पण त्याला संगीत म्हणावं की आवाज, हा प्रश्न पडतो. 'काळे केस' या पहिल्या गोष्टीत गरिबीला कंटाळून बायकोला सोडून गेलेला सामुराई वर्षांनी परत येतो. ती तशीच बसलेली, सूत कातत, तक्रार नाही. सकाळी त्याला जाग येते आणि शेजारी काय आहे ते दिसतं. मग तो पडक्या घरात सैरावैरा पळतो, पायाखालच्या कुजक्या फळ्या मोडतात, आणि त्यांचा आवाज येत नाही. आवाज येतो तो वेगळ्याच वेळी, लाकूड फाडल्याचा, फुटल्याचा, पडद्यावरच्या कुठल्याच हालचालीशी न जुळणारा. आमचं सगळं काम पाय पडला की पावलाचा आवाज जुळवण्याचं असतं. ताकेमित्सुने ते जुळवणंच नाकारलं. डोळ्याला एक दिसतं, कानाला दुसरं, आणि मधल्या फटीत आपण अडकतो. आवाजाचं काम शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी हा भाग आधी बघायला सांगतो.

आणि 'जु-ऑन' मधला तो घशातला आवाज? तो दिग्दर्शक ताकाशी शिमिझु यांनी स्वतः काढलेला आहे. शिमिझु हे कुरोसावा आणि ताकाहाशींचे विद्यार्थी. 1998 मध्ये टीव्हीसाठी दोन अगदी छोटे तुकडे, 2000 मध्ये व्हिडिओवर, मग 2002 चा चित्रपट आणि 2004 मध्ये त्याचीच अमेरिकन आवृत्ती, असा त्यांचा प्रवास. त्या आवाजात दोन गोष्टी एकत्र आहेत: श्वास कोंडलेल्या माणसाचा शेवटचा प्रयत्न आणि लाकडी जिन्याची करकर. त्यामुळे तो माणसाचा की घराचा हे कान ठरवू शकत नाही. कायाको हे त्यातलं भूत आणि ते घर वेगळं काढताच येत नाही, आवाजातसुद्धा. शिवाय शिमिझुंनी एक निर्दय गोष्ट केली. लहानपणी भीती वाटली की आपण पांघरुणात तोंड खुपसतो, तेवढी एक जागा सुरक्षित असते. त्यांनी भूत पांघरुणाच्या आत ठेवलं.

थायलंड आणि इंडोनेशियाकडे वळलं की भूत घरात राहतं हे म्हणणं अगदी शब्दशः खरं होतं. बँकॉकच्या फ्रा खानोंग भागातली मे नाक ही बाळंतपणात गेलेली बाई. नवरा माक लढाईवर गेलेला. तो परत येतो तेव्हा बायको स्वयंपाक करते आहे, बाळ मांडीवर आहे. सगळ्या गावाला कळलंय, त्याला सोडून. लिंबू हातातून निसटून फळ्यांच्या फटीतून खाली पडतं आणि ती हात लांब करून घराखालून ते उचलते, तेव्हा त्याला कळतं. 'नांग नाक' (1999) मध्ये नोन्झी निमिबुत्र यांनी ही गोष्ट प्रेमकथा म्हणून सांगितली आणि ती तशीच सांगायला हवी होती. वात महाबुत या देवळाच्या आवारात नाकचं ठाणं आहे. लोक तिला कपडे आणि बाळाला खेळणी वाहतात. 2013 च्या 'पी माक' ने त्याच गोष्टीचा विनोदी अवतार करून तिकीटबारीचे विक्रम मोडले. भीतीची वस्तू आणि मायेची वस्तू एकच असणं, हे आपल्याला परकं नाही.

इंडोनेशियात 1980 च्या दशकात सुझाना या अभिनेत्रीने भुताच्या भूमिकांतून अफाट लोकप्रियता मिळवली. पण तुम्ही सुरुवात जोको अन्वर यांच्या 2017 च्या 'पेंगाब्दी सेतान' पासून करा, 1980 च्या त्याच नावाच्या सिनेमाची ती नवी आवृत्ती. अंथरुणाला खिळलेली आई, एकेकाळची गायिका, काही हवं असलं की छोटी घंटा वाजवते. ती जाते. मग रात्री घंटा वाजते. किती साधी योजना! आजारी माणूस घरात असलेल्या कुणालाही ती घंटा ओळखीची आहे, आणि ती ऐकून कुरकुरत उठल्याचा अपराधीपणाही. तो सिनेमा भुतापेक्षा त्या अपराधीपणावर चालतो.

हाँगकाँगची गोष्ट वेगळी. 1985 चा 'मिस्टर व्हॅम्पायर', लाम चिंग-यिंग यांच्या ताओवादी गुरुजींचा, हा माझ्या म्हणण्याला चक्क अपवाद आहे. तिथलं प्रेत राजदरबारी पोशाखात उड्या मारत खरोखरच येतं. श्वास रोखला की त्याला तुम्ही सापडत नाही, कपाळावर पिवळा मंत्रलेला कागद लावला की ते थांबतं. तिथे मजा नियमांची आणि कसरतींची आहे. मुलांबरोबर बघण्यासारखा आहे, एवढं सांगून पुढे जातो.

'गोकसाँग' वर मात्र थांबायला हवं. ना होंग-जिन यांचा 2016 चा, अडीच तासांहून मोठा. दक्षिण कोरियातल्या डोंगराळ गावात एक जपानी परका राहायला येतो आणि माणसं वेडी होऊन घरच्यांना मारू लागतात. पोलिसातल्या साध्या बापाच्या मुलीला झपाटलं जातं. मांत्रिक येतो, आणि मग तो प्रचंड विधी: इकडे मांत्रिक ढोल-झांजांच्या गजरात नाचतो आहे, लाकडी खांबात खिळे ठोकतो आहे, तिकडे तो जपानी स्वतःच्या झोपडीत काही करतो आहे, आणि मुलगी तळमळते आहे. तीन ठिकाणं आलटून पालटून दाखवली आहेत. आपण आपसूक मानतो की मांत्रिकाचा घाव जपान्यावर पडतो आहे. का मानतो? कारण तसं जोडून दाखवलं आहे. इकडे खिळा ठोकला, लगेच तिकडे कळ. पण सिनेमात हे कुणीही सांगितलेलं नाही. दुसऱ्यांदा बघताना फक्त मुलीकडे लक्ष ठेवा आणि प्रत्येक खिळ्याला तिला काय होतं ते बघा. दिग्दर्शकाने आपली कट वाचायची सवय आपल्यावरच उलटवली आहे.

शेवटी पांढऱ्या कपड्यातली बाई बापाला सांगते की कोंबडा तीनदा आरवेपर्यंत घरी जाऊ नकोस. मांत्रिक फोनवर सांगतो की तिचं ऐकू नकोस. घरात मुलगी आहे. कोण खरं? त्याच्याकडे पुरावा नाही, वेळ नाही. आपल्याकडेही नाही. तुम्ही म्हणता शेवट कळला नाही. बापालाही कळलेला नाही, आणि आपल्याला त्याच्याच जागी उभं करणं हाच तिथे हेतू आहे. त्यात जपानी माणूस परका म्हणून का निवडला, हे 1910 ते 1945 या काळातल्या जपानी राजवटीची आठवण असलेल्या देशाला वेगळं सांगावं लागत नाही. आणि तो राग प्रेक्षकाच्या मनात आधीपासूनच आहे हे ओळखून सिनेमा त्याला चूक ठरवायला की बरोबर ठरवायला वापरतोय, तेही शेवटपर्यंत उघड करत नाही. परक्याची भूमिका करणारे जून कुनिमुरा यांना कोरियाच्या ब्लू ड्रॅगन पुरस्कारांत सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले परदेशी.

आता कल्ट. पहिल्या प्रदर्शनात लोकांना पचत नाही, पण काही माणसं तो सोडत नाहीत, पुन्हापुन्हा बघतात, दुसऱ्याला ओढून नेऊन दाखवतात, असा सिनेमा म्हणजे कल्ट. नुसता विचित्रपणा त्याला पुरत नाही. नोबुहिको ओबायाशी यांचा 'हाउसु' (1977) बघा. सात शाळकरी मुली, एक मावशी, एक पांढरी मांजर आणि माणसं खाणारं घर. पियानो एका मुलीची बोटं खातो. जाहिराती करणाऱ्या ओबायाशींनी यातल्या कल्पना स्वतःच्या लहान मुलीकडून घेतल्या. रंग भडक, इफेक्ट हाताने कापून चिकटवल्यासारखे, आणि ते मुद्दाम. अमेरिकेतल्या थिएटरांत तो पोचायला तीसेक वर्षं गेली, आणि मग तिथली तरुण पोरं त्याच्या प्रेमात पडली. बहुतेक जण त्यातला वेडेपणाच बघतात. पण ती मावशी कोण? युद्धावर गेलेल्या प्रियकराची वाट बघत मेलेली बाई. ओबायाशी 1938 मध्ये हिरोशिमा प्रांतातल्या ओनोमिचीत जन्मले. त्या पोरींना युद्ध म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्या मावशीची गोष्ट ऐकून खिदळतात, आणि घर त्यांना गिळतं. हे समजून पाहिलंत तर शेवटच्या भागात गळा दाटून येतो.

शिन्या त्सुकामोतो यांचा 'तेत्सुओ' (1989) तासाभराचा, कृष्णधवल. माणसाचं शरीर हळूहळू लोखंड होत जातं. चू इशिकावा यांचं धातू आपटणारं संगीत त्याला पेलून धरतं. ताकाशी मिइके यांचा 'ऑडिशन' (1999) अर्धा होईपर्यंत विधुर माणसाच्या दुसऱ्या लग्नाची सौम्य गोष्ट वाटतो. मग एक दृश्य येतं: रिकाम्या खोलीत मुलगी मान खाली घालून बसलेली, समोर फोन, मागे एक पोतं. फोन वाजतो. पोतं हलतं. मागे बघायची सवय लागलेल्या प्रेक्षकाला त्या पोत्याकडे आधीच संशय आलेला असतो.

मराठी प्रेक्षकाला हे सगळं जड जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे भूत ही गावच्या वस्तीतली एक नोंद आहे. मुंजाचा पिंपळ ठरलेला, वेताळाची जागा ठरलेली, कोकण-गोव्यात देवचार तर गावाचा राखणदार, त्याचा मान दिल्याशिवाय पुढे जायचं नाही. सिंधुदुर्गातल्या आचऱ्याला दर काही वर्षांनी गावपळण होते: माणसं, गुरं, कोंबड्या-कुत्र्यांसह अख्खा गाव वेशीबाहेर जाऊन राहतो आणि गाव रिकामा करून देतो. कुणासाठी? ज्यांचा तो आधीपासून आहे त्यांच्यासाठी, असं तिथले कितीतरी लोक मानतात. ही समज असलेल्या समाजाने पडद्यावर मात्र धूर, घुबड आणि स्टिंगर यांवर समाधान मानावं, याचं मला वाईट वाटतं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी कागदावर हे साधलं होतं. धारपांच्या कथेचा धागा असलेला राही बर्वे यांचा 'तुंबाड' (2018) आणि उसाच्या फडात कोंडणारा विशाल फुरिया यांचा मराठी 'लपाछपी' हे त्या वाटेने गेलेले सिनेमे आहेत. आणखी हवेत. मिक्सला बसल्यावर 'इथे काहीतरी द्या, रिकामं वाटतंय' हे वाक्य ऐकायला लागतं. ते रिकामं ठेवायला हिंमत लागते, ती दिग्दर्शकाने आणि निर्मात्याने मिळून दाखवायची असते.

बघायची रीत विचारलीत. डब केलेली आवृत्ती घेऊ नका. डबिंगमध्ये संवादाबरोबर खोलीचा आवाजही पुष्कळदा बदलतो किंवा पातळ होतो. फोनच्या स्पीकरवर बघू नका, खालचे स्वर त्यातून येतच नाहीत. साधे हेडफोनसुद्धा चालतील. टीव्हीत 'नाइट मोड' किंवा संवाद मोठे करण्याची सोय चालू असेल तर बंद करा. ती हळू आवाज वर उचलते आणि मोठा खाली दाबते, म्हणजे या लोकांनी जे कष्टाने रचलं तेच सपाट करते. आवाज एकदा लावा आणि मग हात लावू नका. चौकट स्थिर राहिली की बोलणाऱ्या माणसाकडे न बघता त्याच्या मागे बघा: दार, काच, जिन्याचं वरचं टोक.

क्रम म्हणाल तर आता आधी 'क्युअर', मग 'क्वाइदान' चे पहिले दोन भाग एका रात्री आणि उरलेले दुसऱ्या रात्री. त्यानंतर 'नांग नाक', 'पेंगाब्दी सेतान' आणि किम जी-वून यांचा कोरियन 'टेल ऑफ टू सिस्टर्स' (2003), जो सावत्र आईच्या जुन्या लोककथेवरून आहे आणि स्वयंपाकघरातल्या सिंकखालीही बघायला लावतो. मग 'गोकसाँग' दुसऱ्यांदा, आणि लगेच 2021 चा थाई 'द मीडियम', ज्याची मूळ कल्पना आणि निर्मिती ना होंग-जिन यांचीच आहे. 'हाउसु' चार मित्र जमले की बघा, तो एकट्याने बघायचा सिनेमा नाही. 'ऑडिशन' मात्र घरात मुलं असताना लावू नका, आणि शेवटची वीस मिनिटं असह्य झाली तर बंद करा. त्यातला सगळ्यात चांगला भाग, तो फोन आणि ते पोतं, तोवर होऊन गेलेला असतो.